मधले दिवस

परीक्षेचा निकाल लागलेला आहे आणि नोकरीची ऑर्डर अद्याप हातीं आलेली नाहीं, अशा मधल्या दिवसांना आमच्या भाषेंत धड नांवच नाहीं. "सध्या काय चाललें आहे?" ह्या प्रश्नास "कांहीं नाहीं, बघतोय" एवढेंच उत्तर मिळतें, आणि विचारणारे गृहस्थ एक सुस्कारा टाकून पुढें जातात. उन्हाळ्याच्या सुटींत आमचे माजी विद्यार्थी भेटावयास येतात, तेव्हां त्यांच्या तोंडून हें "बघतोय" आम्ही इतक्यांदा ऐकतों, कीं ह्या वार्षिक अंकाच्या निमित्तानें त्या दिवसांविषयीं दोन शब्द लिहावे असें मनांत आलें. विषय आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. आमच्या वांट्यास असे दिवस जवळजवळ अडीच वर्षें आले होते.

सन २००२ मध्यें आम्ही बी. एड. झालों. गांव अहमदनगर, २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, परंतु त्या वेळच्या गोष्टी आम्हांस जुन्याच नांवानें आठवतात. कागदोपत्रीं आम्ही शिक्षक होतों, शाळा मात्र नव्हती. पहिलें काम मिळालें तें एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेच्या जागीं. साडेतीन महिने आम्हीं आठवीच्या वर्गास मराठी शिकविलें. रजेच्या जागीं शिकविणाऱ्या मनुष्याची अवस्था मोठी चमत्कारिक असते. मुलें त्यास "सर" म्हणतात, पण वेळापत्रकांत नांव दुसऱ्याचेंच असतें. आपण आरंभिलेला धडा आपल्याच हातून संपेल कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. त्या बाई कामावर रुजू झाल्या त्या दिवशीं आमचा तत्पुरुष समास संपला होता आणि बहुव्रीहि राहिला होता. (मुलांनीं निरोपादाखल एक शाईचें पेन दिलें. तें अजून चालतें.) अल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांसही १९०० मध्यें पदवी मिळाल्यावर कायमची जागा मिळेना, आणि १९०१ मध्यें विंटरथूर येथील तंत्रशाळेंत त्यांनीं दोन महिने दुसऱ्याच्या जागीं शिकविलें, हें आम्हांस पुढें वाचनांत आढळलें. तुलना करण्याचा हेतु अर्थातच नाहीं. रजेच्या जागेची परंपरा थोर आहे, एवढेंच.

त्यानंतर सकाळीं दोन घरीं शिकवण्या आणि दिवसा एका छापखान्यांत मुद्रितें तपासण्याचें काम, असा क्रम सुरू झाला. खिळे जुळविण्याचे दिवस तेथें तेव्हांच संपले होते. मजकूर संगणकावर बसवीत. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, दशक्रियेचीं पत्रकें, आणि २००४ सालीं लोकसभेची व विधानसभेची अशा दोन्ही निवडणुका आल्यामुळें प्रचाराचीं पत्रकें, असा सारा माल आमच्या डोळ्यांखालून जाई. "चि. सौ. कां." ह्यापुढें मुलीच्या नांवांतील एखादी वेलांटी चुकली, तर ती चूक पांचशें घरांत जाऊन बसते. मालक म्हणत, "मास्तर, तुम्ही अर्थ वाचूं नका, अक्षरें वाचा." त्यांचें म्हणणें खरें होतें. मजकुराच्या अर्थांत मन गुंतलें कीं डोळा चुकीवरून खुशाल घसरून जातो. म्हणून आम्ही शेवटच्या ओळीपासून वर वाचीत जात असूं.

दिवसभर अशीं अक्षरें वाचल्यावर सायंकाळीं अर्थ वाचण्याची खरोखर भूक लागे. छापखान्यांतून सुटलों कीं आम्ही वाचनालयांत जात असूं आणि तेथील मनुष्य दिवे मालवीपर्यंत बसत असूं. त्या काळांत आम्हीं किती वाचलें ह्याची यादी देण्यांत अर्थ नाहीं. पुष्कळसें विसरलोंही आहों. परंतु लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचलीं होतीं तीं परीक्षेकरितां, आणि ह्या वेळीं वाचलीं तीं निराळ्या नजरेनें. टिळकांनीं एक काम सोडावें, दुसरें धरावें, बिऱ्हाड ह्या गांवाहून त्या गांवीं हलावें, आणि त्या ओढाताणींत एका बाईनें लिहावयास-वाचावयास शिकावें! आमचा छापखाना आणि आमच्या दोन शिकवण्या ह्यांपुढें अगदींच स्थिर वाटूं लागल्या.

तिसरी गोष्ट छंदाची. छापखान्याच्या मागच्या खोलींत एक वृद्ध बाइंडर बसत. सारे त्यांस चाचा म्हणत, आम्हीही म्हणूं लागलों. दुपारच्या सुटींत त्यांच्याजवळ बसून आम्हीं जुजबंदी बांधणी शिकून घेतली. घडी घातलेलीं जुजें एकावर एक ठोकून सरळ करावयाचीं, पाठीवर खुणा करून सुईदोऱ्यानें एकेक जूज मागच्याशीं शिवीत जावयाचें, पाठीला मलमलीची पट्टी चिकटवावयाची, मग पुठ्ठा, मग वरचें कापड, आणि रात्रभर दाबाखाली ठेवावयाचें. खळ मैद्याची, तींत चिमूटभर मोरचूद. नाहींतर किडे आधीं खळ खातात आणि मग पुस्तक. दोरा किती ओढावा हें चाचांनीं कधीं सांगितलें नाहीं. आमचा हात धरून एकदां ओढून दाखविलें, तेवढेंच. फार ओढला तर कागद फाटतो, सैल सोडला तर पुस्तक वर्षाच्या आंत पानें टाकूं लागतें. आमच्या मंडळींतील 'उपासना संगीता'च्या तीस-बत्तीस जीर्ण प्रती आम्हीं शनिवारच्या रात्रीं बांधून काढल्या. मजुरी घेतली नाहीं. पुढें एका दुकानदाराच्या खातेवह्या पैसे घेऊन बांधल्या. त्या पैशांतून घरीं विजेचें बिल भरलें गेलें, हें उत्तमच झालें, पण खातेवहींत वाचावयास कांहीं नव्हतें.

बांधणी शिकतांनाच आम्हांस मायकेल फॅरडे ह्यांचें चरित्र मिळालें. हे लोहाराचे पुत्र. १८०५ मध्यें लंडनांतील एका पुस्तकविक्रेत्या-बाइंडराकडे सात वर्षांच्या उमेदवारीस राहिले. बांधावयास आलेलीं पुस्तकें ते वाचीत. विद्युत्‌विषयक लेख त्यांनीं ज्ञानकोशांत असाच गांठला. १८१२ मध्यें एका गिऱ्हाइकानें सर हम्फ्री डेव्ही ह्यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडे ह्यांनीं चार व्याख्यानांचीं टिपणें केलीं, नीट उतरून काढलीं, आपल्या हातानें बांधलीं आणि डेव्हींकडे पाठविलीं. कथा सांगणारे बहुधा येथून थेट प्रयोगशाळेंत उडी मारतात. मधले महिने ते गाळतात, आणि आमचें लक्ष त्या महिन्यांकडेच आहे. ऑक्टोबर १८१२ मध्यें उमेदवारी संपली व ते दुसऱ्या एका बाइंडराकडे रोजंदारीवर लागले. डेव्हींच्या डोळ्यांस प्रयोगांत इजा झाली, तेव्हां कांहीं दिवस लेखनिकाचें तात्पुरतें काम मिळालें आणि संपलें. हातचा धंदा सोडूं नको, असा सल्लाही खुद्द डेव्हींनींच दिला होता. पुढें प्रयोगशाळेंतील मदतनिसानें मारामारी केल्यामुळें त्यास काढून टाकलें, जागा रिकामी झाली, आणि १ मार्च १८१३ रोजीं आठवड्यास पंचवीस शिलिंग पगारावर फॅरडे तेथें लागले. ती मारामारी घडली नसती तर? टिपणें तरी बांधलेलीं राहिलीं असतीं.

आतां पालकांस एक सांगावयाचें आहे. मे २००३ मध्यें आमचे वडील रुग्णालयांतील नोकरींतून निवृत्त झाले. धाकटी बहीण परिचारिकेच्या शिक्षणास जाणार होती. त्याच महिन्यांत दुसऱ्या तालुक्यांत एका पतसंस्थेंतील कारकुनाची कायमची जागा आम्हांस देऊं केली गेली. सकाळीं निघून रात्रीं परतावयाचें. म्हणजे शिकवण्या, वाचनालय आणि चाचांची खोली, तिन्ही सुटणार. आम्हीं नकार दिला. बाबा रागावले नाहींत. आठ दिवस जेवतांना बोलले नाहींत, आणि मग बहिणीच्या फीचा पहिला हप्ता त्यांनीं भविष्यनिर्वाहनिधीच्या पैशांतून भरला. दीड वर्षानें आम्ही शिक्षणसेवक म्हणून लागलों, तेव्हां आमचें वागणें शहाणपणाचें ठरलें असें लोक म्हणूं लागले. ती जागा आणखी तीन वर्षें आली नसती तर त्याच लोकांनीं काय म्हटलें असतें, तें आम्हांस ठाऊक आहे. बाबांनीं त्यावर कधींच मत दिलें नाहीं. त्यांचें जुनें पवित्रशास्त्र मात्र त्यांनीं आमच्याकडे बांधावयास दिलें, आणि "घाई नाहीं, सावकाश कर" म्हणाले.

आमच्या शाळेंत हल्लीं दर शनिवारीं दुपारीं ग्रंथालयाच्या मागच्या खोलींत नववीचीं सात मुलेंमुली फाटकीं पुस्तकें शिवावयास बसतात. खळ आम्ही करतों, मोरचूद कुलपांत ठेवतों. त्यांतील एका मुलीचा दोरा आमच्यापेक्षां बेताचा ओढला जातो. गेल्या महिन्यांत तिनें भूगोलाचा एक जुना नकाशासंग्रह बांधावयास घेतला. दोन शनिवार झाले, काम पुढें सरकलें नाहीं. ती नकाशे पाहत बसली आहे.