मुरलेलं पाणी

चैत्रातली दुपार म्हटली की मला शिरोड्याच्या मिठागरातल्या पाण्याची चाल आठवते. वारा दोन्हीकडे एकच; पण खाडीचं पाणी त्याच्याबरोबर खिदळत सुटायचं आणि बांधाअलीकडच्या उथळ वाफ्यातलं पाणी जेमतेम अंग हलवून पुन्हा आडवं व्हायचं. त्यात बोट बुडवलं की तेलकट ओलावा कातडीवर कितीतरी वेळ रेंगाळे, उन्हालाही दाद न देता.

काय तो सुशेगातपणा!

फार उशिरा उमगलं, की ती सुस्ती नव्हती. पाणी गुंतलेलं होतं. किलोभर समुद्रात जेमतेम 35 ग्रॅम क्षार, डोळ्यांना दिसतही नाहीत. पण विरघळलेलं मीठ नाहीसं होत नाही, ते पाण्याला कामाला लावतं. सोडियमच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचे पाच-सहा रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून गोळा होतात. क्लोराइडपाशी तेच रेणू वळून हायड्रोजन पुढे करतात. आपापसातले जुने धागे सैल होतात, नवे जुळतात. म्हणून तर समुद्र शून्य अंशाला गोठत नाही, उणे 1.9 पर्यंत वाट पाहतो. म्हणून तर वाफ्यातलं पाणी आटत गेलं की उन्हाच्याही हाती सहज लागत नाही. मिठानं तुडुंब भरलेल्या पाण्यावरची वाफ साध्या पाण्यापेक्षा चौथाईनं कमी भरते आणि त्याचा दाटपणा जवळजवळ दुप्पट होतो. मला दिसलेली लहर म्हणूनही तशी जड पावलांची होती.

आणि हे मुरणं तरी किती क्रमानं! आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम. समुद्र आटून दहाव्या हिश्शावर आला की पांढरे चौकोनी कण पृष्ठभागावर उमलू लागतात. मीठ पिकलं, असं आगरातली माणसं म्हणतात, आणि लाकडी फावड्यानं ते हलकेच कडेला ओढून घेतात. मागे उरतं ते कडवट पाणी. त्यातलं मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे सहा रेणू इतके घट्ट धरून बसतं, की ते पाणी पुरतं सुकतच नाही. सोबत सोडवत नाही, ती अशी.

त्या कडवटपणाचा थोडा अंश खड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. आषाढात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटलं, तर झाकणाला बोल लावू नका. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांपुढे गेली की निखळ मीठसुद्धा ओलावतं. मॅग्नेशियमला तर त्याच्या निम्म्याहून कमी पुरते.