पकड येते, सोडायला शिकायचं

कोकणातल्या मुलांना रग्बी शिकवायला घेतलं की अर्धं काम कबड्डीने आधीच करून ठेवलेलं असतं. दापोलीच्या आसपास गावोगाव कबड्डी खेळली जाते. कोपरा सांभाळणारा पोरगा चढाईपटूच्या पायावर कशी झेप घेतो, ते एकदा नीट बघा. अंगावर धावून येणाऱ्या माणसाला कमरेखाली धरून पाडायचं, याची नवख्या खेळाडूला भीती वाटते. आमच्या मुलांना ती ठाऊकच नसते.

अडतं ते पुढे. कबड्डीत पकड केली की पंचांची शिट्टी होईपर्यंत सोडायची नाही, हे रक्तात भिनलेलं. रग्बीत पडलेल्याने चेंडू ताबडतोब सोडायचा आणि पाडणाऱ्यानेही त्याला सोडून बाजूला व्हायचं. नाहीतर पेनल्टी. शिवाय चढाई एकट्याची असते. इथे चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, त्यामुळे मागून धावत येणारा जोडीदार नसेल तर कितीही चपळ खेळाडू फुकट. हा नियम मला या खेळाचा प्राण वाटतो.

सगळ्यात जपून शिकवावी लागते ती डोक्याची जागा. समोरचा उजव्या खांद्यावर आला, तर आपलं डोकं त्याच्या मागच्या अंगाला, गाल कुल्ल्याला चिकटलेला, दोन्ही हातांचा विळखा मांड्यांना. डोकं त्याच्या वाटेत आलं तर गुडघा थेट कानशिलावर बसतो. म्हणून मी हे आधी गुडघ्यांवर बसवून, मग चालत आणि शेवटी धावत करून घेतो. पकड खांद्याच्या वर गेली की फाऊल. तिथे मी कोणाचीच गय करत नाही.

१८२३ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत विल्यम वेब एलिस चेंडू उचलून पळत सुटला, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. त्या शाळेच्या मुलांनी १८४५ मध्ये नियम लिहून काढले, हे मात्र पक्कं. आपल्याकडे कोलकात्यात २५ डिसेंबर १८७२ रोजी सामना झाला. पुढे तिथला क्लब मोडला, तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून करंडक घडवला गेला. मुठी तीन नागांच्या, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच कलकत्ता कपासाठी झुंजतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ टिकवला, तोही भर पावसाळ्यात.

थोर खेळाडू कोण, असं विचाराल तर न्यूझीलंडचा जोना लोमू. १९९५ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले. पहिल्याच वेळी माईक कॅटला अक्षरशः तुडवून गेला. पण मुलींना मी सांगतो ते भारताचं कर्णधारपद भूषवलेल्या पुण्याच्या वाहबिझ भरुचाबद्दल आणि ओडिशाच्या खेड्यातून आलेल्या सुमित्रा नायकबद्दल. जून २०१९ मध्ये मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा तो पहिला विजय. त्यात सुमित्राची पेनल्टी किक निर्णायक ठरली.

आमच्याकडे पंधरा-पंधरांचे दोन संघ उभे करण्याचा अट्टहास नको. सात जणांची रग्बी २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. सात-सात मिनिटांचे दोन डाव, की सामना संपला. खरी अडचण जमिनीची. जांभ्याच्या कातळावर पकड शिकवणं म्हणजे मुलांचे खांदे आणि कोपर सोलून काढणं. म्हणून आम्ही ओहोटीला कर्द्याच्या किनाऱ्यावर जातो, पण भरती कोणासाठी थांबत नाही.

तालुक्यात मऊ मातीचं, हिरवळ राखलेलं एक मैदान हवं. शाळांनी, ग्रामपंचायतींनी आणि कबड्डी मंडळांनी मिळून ते मनावर घ्यावं. चेंडू घेऊन मी येतो.