अठ्ठावीस कमरेची जीन्स

परवा रविवारी कपाट आवरायला काढलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून ती बाहेर आली. माझी अठ्ठावीस कमरेची निळी जीन्स! मास कॉमची डिग्री, पहिली बायलाइन, होणाऱ्या नवऱ्याबरोबरची पहिली कॉफी... सगळीकडे ती माझ्याबरोबर होती. दार लावून घेतलं आणि पाय घातले. मांड्यांपर्यंत आली. पुढे नाही म्हणजे नाही! पलंगावर आडवं पडून, श्वास रोखून, सगळे फंडे वापरून झाले. बाहेरून नवऱ्याने विचारलं, ''काय तोडफोड चाललीय आत?''

लेक आता चौदा महिन्यांची आहे. आणि हे जीन्सप्रकरण गेले वर्षभर चालूच आहे.

सुरुवात झाली आईकडे. सव्वा महिना शेक-शेगडी, ओव्याची धुरी, पोटाला घट्ट पट्टा, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. आई म्हणायची, ''खा गं, अंगावर पाजतेस.'' आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाआधी माझ्या पोटाकडे बघायची. ''अजून आत नाही गेलं?'' जणू काही पोट कुठेतरी बाहेर गेलंय आणि संध्याकाळच्या लोकलने परत येणार आहे.

मग आम्ही आमच्या घरी परतलो, कशेळीला. ठाण्यातल्या फ्लॅटचा भाव ऐकून खाडीच्या या बाजूला आलेल्या मंडळींपैकी आम्ही. इकडे ठाणे-भिवंडी रोड, मेट्रोचे खांब, गोदामं आणि दिवसरात्र धावणारे कंटेनर. 2017 मध्ये कायदा बदलला आणि नोकरदार बायकांची बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन मुलांपर्यंत. पण फ्रीलान्सरला कोण देणार रजा? तिसऱ्या महिन्यात मी मांडीवर लेक आणि लेकीच्या पाठीवर लॅपटॉप टेकवून (जवळजवळ!) लेख लिहीत होते.

पाचव्या महिन्यात ठरवलं, बस झालं. ठाण्यातल्या एका जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले. तिसऱ्या दिवशी ट्रेनर म्हणाला, ''चला, जंपिंग जॅक्स!'' सात-आठ उड्या मारल्या आणि कळलं, ट्रॅक पँट ओली झालीय. घामाने नाही.

कुणाला काही बोलले नाही. कापूरबावडीहून शेअर रिक्षात बसले, सीटच्या अगदी कडेला, मांडीवर बॅग घट्ट धरून. कशेळीचा पूल येईपर्यंत डोळ्यांतून पाणी येत होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी! असं फक्त म्हाताऱ्या बायकांना होतं, अशी माझी पक्की समजूत होती. नवऱ्याला सांगितलं, जिम लांब पडतं. तीन महिन्यांची फी पाण्यात.

मग घरीच यूट्यूब लावून सिट-अप्स सुरू केल्या. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या आगरी मावशींनी एकदा मला तशी धापा टाकताना पाहिलं. पाच पोरं वाढवलेली बाई. पाटी खाली ठेवून म्हणाल्या, ''अगो, पिठाची भाकरी केलीस. आता तिचा परत पीठ कसा व्हईल?''

मला जाम राग आला होता.

शेवटी एका मैत्रिणीने पकडून फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवून डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीपाशी बोटं ठेवली. पोटाच्या मध्यावर चक्क फट! अडीच बोटांची. पोटाच्या पुढच्या बाजूला स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. गर्भ वाढतो तसे ते बाजूला सरकतात आणि त्यांना जोडणारा पडदा ताणला जातो. काहींचे आपोआप जवळ येतात, काहींचे नाही. नाव भारदस्त आहे, डायस्टेसिस रेक्टाय. ''सिट-अप्स करताना पोट मध्ये उंचवट्यासारखं वर येतं ना? मग त्या आधी बंद,'' बाई म्हणाल्या.

मग मी हळूच ती दुसरी गोष्ट सांगितली. त्यांनी भुवईसुद्धा उंचावली नाही. बाळंतपणानंतर असं कितीतरी जणींना होतं, सांगत कुणी नाही. एरवी जेमतेम 60-70 ग्रॅमचं गर्भाशय नवव्या महिन्यात किलोभराचं होतं. वर बाळ, पाणी, वार. हा सगळा भार ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तोलतात. त्यांच्या व्यायामाला ज्यांचं नाव आहे, त्या डॉक्टर केगल यांनी तो 1948 मध्ये मांडला. लघवी अडवतो तसे स्नायू आवळायचे, मोजायचं, पूर्ण सैल सोडायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्येही करता येतो, कुणाला पत्ता लागत नाही!

बाकी माझा व्यायाम एकदम साधा. श्वासाचे प्रकार, पाठीवर पडून कंबर उचलणं आणि पहाटे कंटेनरची गर्दी व्हायच्या आत खाडीच्या बाजूने चालणं. (तुमचं सिझेरियन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.) जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये बाळंतिणींसाठीही आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, पण हळूहळू वाढवत. सानिया मिर्झाला मुलगा झाला ऑक्टोबर 2018 मध्ये, आणि ती कोर्टवर परतली जानेवारी 2020 मध्ये. होबार्टला दुहेरी जिंकलीही! खेळणं हेच जिचं काम, तिनेही सव्वा वर्ष घेतलं. आणि मी पाचव्या महिन्यात उड्या मारत होते.

पोट सपाट झालं का? नाही. फट आता दीड बोटाची आहे, बेंबीखालची चामडी सुरकुतलेली आहे आणि राहील. पण गेल्या महिन्यात लिफ्ट बंद पडली, तेव्हा लेक आणि भाजीची पिशवी घेऊन चार मजले चढले, कंबर न दुखता. मावशींचं आता पटतं. भाकरी पिठापेक्षा वाईट थोडीच असते?

अठ्ठावीसवाली जीन्स मामेबहिणीला दिली. काल ठाण्यात जाऊन नवी घेतली, बत्तीसची. ट्रायल रूममध्ये बटण आरामात लागलं, आणि तेवढ्यात एक सॉलिड शिंक आली.

काहीही झालं नाही.

त्या आनंदात मी आणखी एकदा शिंकून पाहिलं, मुद्दाम!