न्यूनत्वबोधक

माझ्या आपाच्या घरी भाचीसाठी पहिलं स्थळ आलं तेव्हा फोनवर दोनच प्रश्न विचारले गेले. मुलगी किती शिकली आणि रंग साफ आहे ना? पहिल्याचं उत्तर आपाने खणखणीत दिलं. बी.कॉम. झालीय, टॅलीचा कोर्सही केलाय. दुसऱ्या प्रश्नाला ती जरा थांबली आणि म्हणाली, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे."

मी शेजारीच बसले होते. गेली अठरा वर्षं मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. 'पण' हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पहिल्या वाक्यात काहीतरी उणं आहे, असं सांगणारा तो शब्द. त्या दिवशी तो माझ्या भाचीच्या चेहऱ्याला चिकटला आणि मला त्यात काही खटकलं नाही. उलट मी उपाय शोधला.

माझ्या जाऊबाई कुवेतला असतात. आमच्या कोकणात प्रत्येक घरातला कोणी ना कोणी आखातात असतोच. सुट्टीवर येताना खजूर, अत्तर, दुधाची पावडर यांच्याबरोबर क्रीमच्या डब्याही येतात. त्यातल्या तीन जाऊबाईंनी मला दिल्या होत्या. एक मी भाचीला दिली. म्हटलं, "रात्री लाव, पंधरा दिवसांत फरक दिसेल."

फरक खरंच दिसला. महिनाभरात मोहल्ल्यातल्या बायका विचारू लागल्या की काय लावतेस. दुसरी डबीही मीच दिली. तिच्या खोक्यावर इंग्रजीत एक सूचना होती, लावताना सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवा. आम्ही दोघींनी ती वाचली आणि तिने इमानेइतबारे बांगड्या, कानातले काढून ठेवले. दागिन्याला न चालणारी वस्तू चेहऱ्याला कशी चालते, हा प्रश्न दोघींपैकी एकीलाही पडला नाही.

सहा महिन्यांनी तिचे पाय सुजू लागले. सकाळी उठली की डोळ्यांखालीही सूज. लघवीला साबणासारखा फेस येतो, हे तिने आईला लाजत लाजत सांगितलं. आधी अशक्तपणाच्या गोळ्या झाल्या. मग लघवीच्या तपासणीत प्रथिनं भरपूर सापडली आणि आम्ही मुंबई गाठली. किडनीच्या डॉक्टरांनी कागद पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चेहऱ्याला काय लावतेस, बेटा?"

आपाला वाटलं डॉक्टर भलतंच काही विचारतायत. मला मात्र घाम फुटला.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. पारा त्या एन्झाइमचं काम अडवतो. मेलॅनिन कमी बनतं आणि कातडी उजळते. म्हणजे हे क्रीम खोटं नव्हतं, ते बोलल्याप्रमाणे वागत होतं. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो आत झिरपतो, रक्तात जातो आणि किडनीत साठतो. किडनीची गाळणी बिघडली की शरीरातली प्रथिनं लघवीवाटे जाऊ लागतात, अंगावर सूज येते. पारा सोन्याचांदीत मिसळून त्यांना खराब करतो, म्हणून ती दागिन्यांची सूचना. बनवणाऱ्यांना आत काय आहे ते ठाऊक होतं. त्यांनी ते आम्हाला एका अर्थी सांगितलंही होतं.

नंतर मी वाचू लागले तेव्हा कळलं की आम्ही एकट्या नव्हतो. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना असंच क्रीम लावून किडनीचा आजार झाला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममधला पारा उघड झाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात एका विशिष्ट किडनीविकाराचे 22 रुग्ण नोंदवले. त्यातल्या 15 जणांत आजाराचा एक खास प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरं करणारं क्रीम वापरल्याचं सांगितलं. मलप्पुरमही आमच्या कोकणासारखंच, घरोघरी आखाताची वाट असलेलं.

असं नाही की जगाला पारा माहीत नाही. जपानमधल्या मिनामाटा गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांत आला. 1956 मध्ये तो आजार उघडकीला आला. त्याच गावाच्या नावाने 2013 मध्ये पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2018 मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. आधी त्यात सौंदर्यप्रसाधनांसाठी दहा लाखात एक भाग अशी मर्यादा होती. पुढे 2023 मध्ये देशांनी ठरवलं की पारा मिसळलेली सौंदर्यप्रसाधनं 2025 पर्यंत पूर्णपणे बंद करायची. कायदा आहे. पण सुटकेसमधून येणाऱ्या डबीला कायदा कुठे भेटणार? ती जाऊबाईंच्या मायेतून येते.

आणि सगळा दोष परदेशी डबीवर टाकून मोकळं होता येत नाही. त्याच उन्हाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी लालबुंद चेहऱ्याने शाळेत आली. गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, ओठांवर लव वाढली होती, उन्हात उभं राहिलं की आग होते म्हणत होती. तिच्या अम्मीने औषधाच्या दुकानातून एक स्वस्त ट्यूब आणली होती, चिठ्ठी न दाखवता. त्यात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड वाईट नाही. एक्झिमासारख्या त्वचारोगांवर ते मोलाचं औषध आहे. ते लावल्यावर रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिकट आणि गुळगुळीत दिसतो, आणि बाईला वाटतं, लागू पडलं. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, मुरमं येतात. थांबवलं की चेहरा आणखी पेटतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. आपल्या देशात हे इतकं वाढलं की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना या अवस्थेला वेगळं नाव द्यावं लागलं, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टिरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

दुकानातल्या नावाजलेल्या क्रीममध्ये पारा असतो असं मी म्हणत नाही. 1975 साली आपल्याकडे आलेल्या फेअर अँड लव्हलीचा मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे बी 3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार. तो विष नाही. पण तिच्या जाहिरातींनी आपल्या पिढीच्या मनात एक शिडी उभी केली. चेहऱ्यांची रांग, डावीकडे सावळी उदास, उजवीकडे गोरी हसरी, नोकरीवाली. 2020 मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. आता बाजारात गोरेपणा म्हणत नाहीत. ग्लो म्हणतात, ब्राइटनिंग म्हणतात, ग्लास स्किन म्हणतात. शब्द बदलले, शिडी तीच.

भाची आजारी असताना मी एक गोष्ट शिकले, जी मला बी.एड.ला कोणी शिकवली नव्हती. आपण मुलांना धडा वाचायला शिकवतो, डबी वाचायला शिकवत नाही. म्हणून आता दरवर्षी नववीच्या वर्गात मराठीचे दोन तास मी यासाठी ठेवते. मुली घरून ट्यूब, डब्या, खोकी आणतात. आम्ही ती मोठ्याने वाचतो.

घटकांची यादी आहे का, हे आधी बघायचं. आपल्या नियमांप्रमाणे ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहायचं असतं. म्हणून बहुतेक क्रीममध्ये पहिलं नाव पाण्याचं असतं, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात मिरवणारं केशर, चंदन यादीच्या पार शेपटाला. उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. मर्क्युरी, मर्क्युरिक किंवा कॅलोमेल हा शब्द दिसला तर ती डबी बंद करून बाजूला ठेवायची. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल हे शब्द दिसले किंवा लाल उभी रेघ दिसली, तर ते क्रीम नाही, औषध आहे. डॉक्टरने दिलं असेल तर ते सांगतील तेवढेच दिवस. आणि ज्या डबीवर वाचण्यासारखं काहीच नाही, तिची भीती सगळ्यात जास्त धरायची.

एकदा एका मुलीने सेटिल अल्कोहोल हा शब्द वाचला आणि घाबरून विचारलं, "मॅडम, हे हराम ना?" मी सांगितलं, नाव सारखं असलं तरी हे नशेचं अल्कोहोल नव्हे. हा मेणासारखा घट्ट पदार्थ आहे, क्रीम मऊ राहावं म्हणून घालतात. तिचा प्रश्न मला आवडला, कारण ती निदान विचारत होती. आपल्या घरात हलाल आहे का, हे विचारतात. तय्यिब आहे का, म्हणजे चांगलं, स्वच्छ, अपाय न करणारं आहे का, हे विचारायचं राहून जातं. भाचीला दिलेल्या डबीवर 'हलाल' असं छापलेलं होतं. पारा तरीही होताच.

आणि जुनं ते सगळं निर्धोक असंही नाही. बाळाच्या डोळ्यांत प्रेमाने घातला जाणारा सुरमा अनेकदा शिशाच्या खनिजापासून बनवलेला असतो, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. माझ्या अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुरमादाणी कपाटात गेली. ती चांदीची आहे, नानीची आहे, टाकवत नाही. आम्ही ती रिकामी करून जपली आहे.

भाची आता बरी आहे, अलहम्दुलिल्लाह. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच क्रीम बंद केलं, घरातल्या बाकीच्यांचेही टॉवेल, उशांचे अभ्रे बदलायला सांगितले, कारण पारा एकाच्या कातडीवरून दुसऱ्यापर्यंत पोचतो. रक्तदाबाची गोळी, कमी मीठ, दर महिन्याला तपासणी. नऊ महिन्यांनी लघवीतली प्रथिनं नॉर्मल आली. सगळ्यांचं असं होतंच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तिच्यासमोर माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "खाला, लावलं तर मीच ना." ते उत्तर मला अजून टोचतं. तिने लावलं, कारण मी दिलं. मी दिलं, कारण तिच्या आईने 'पण' म्हटलं आणि मी त्या शब्दावर मान डोलावली.

एक कबुली राहिली. रिपोर्ट नॉर्मल आला त्या दिवशी ती आमच्याकडे आली होती. खिडकीशी बसून चहा पीत होती. तिचा मूळचा रंग परत आला होता. मुलगी वाचली म्हणून मी दोन रकात नमाज पढले होते, आणि तरी तिच्याकडे बघताना क्षणभर मनात आलं, रंग गेला बिचारीचा.

गेला नव्हता. परत आला होता. मी स्वतःलाच ते वाक्य दुरुस्त करून सांगितलं, वहीत लाल शाईने करते तसं.