ईयोबाचा धोटा

भिवंडीत 'धोटा' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. साध्या यंत्रमागावर तो मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. डोळ्यांना तो नीट दिसतही नाही, कानांवर मात्र त्याचा आघात होत राहतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. सूत संपले की कामगार नवी कांडी घालतो आणि माग पुन्हा चालू होतो. धोट्याविना चालणारे मागही आता या शहरात आले आहेत. तरीसुद्धा 'जुन्या करारा'तील ईयोबाचे पुस्तक वाचू लागलेला इथला वाचक सातव्या अध्यायात थबकतो. आपले दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने सरतात, असे ईयोब तेथे म्हणतो.

आयुष्याच्या क्षणभंगुरतेची प्रतिमा म्हणून हे स्थळ बहुधा झटकन निकालात काढले जाते. परंतु वेग हा या प्रतिमेचा अर्धाच भाग होय. दिवस आशेविना संपतात, असा त्या वाक्याचा उत्तरार्ध आहे, आणि तेथे योजलेल्या 'तिक्वा' या हिब्रू शब्दाचा अर्थ आशा असा आहे, तसाच दोरा असाही आहे. यहोशवाच्या पुस्तकात राहाब आपल्या खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, तिच्यासाठीही हाच शब्द आला आहे. म्हणजे धोटा धावतो आहे आणि कांडीवरचे सूत संपले आहे. मराठीत 'आशातंतू' आहे खरा. पण त्यात आशेला तंतूची उपमा बाहेरून दिलेली आहे. हिब्रूत ती दोन्ही एकाच शब्दात नांदतात, आणि अनुवादकाला त्यांतले एकच उचलता येते. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात आजारातून उठलेला हिज्कीया राजाही विणकराची प्रतिमा वापरतो. मात्र तेथे कापड गुंडाळून मागावरून कापून घेणारा कोणी तरी आहे. ईयोबाच्या प्रतिमेत नवी कांडी घालणारा हातच नाही.

भयाच्या बाबतीत मराठी वाचकाची अडचण निराळी आहे. ईयोबाची पहिलीच ओळख देवाचे भय धरणारा माणूस अशी होते. 'पापभीरू' हा आपल्याकडे गौरवाचा शब्द आहे, 'देवभोळा' काहीसा कौतुकाचा. देवाला भिणे हे मात्र आपल्या भक्तिपरंपरेच्या कानाला थोडे परकेच वाटते. हिब्रूतील 'यिरा'मध्ये भय आणि आदर एकत्र आहेत. पण ज्याची धास्ती होती तेच आपल्यावर कोसळले, असे ईयोब तिसऱ्या अध्यायात सांगतो तेव्हा 'पहद' हा निव्वळ धडकी भरवणारा शब्द येतो. मराठीत दोन्हीकडे 'भय' वाचले की श्रद्धा आणि दहशत यांतील अंतर बुजते. ईयोबाचे सारे पुस्तक त्याच अंतरात उभे आहे. आठव्या स्तोत्रात मर्त्य माणसाची देव आठवण ठेवतो याचे नवल आहे. सातव्या अध्यायात ईयोब तोच प्रश्न उलटा करतो: माणूस एवढा मोठा कोण, की तू त्याच्यावर क्षणोक्षणी नजर ठेवावीस आणि थुंकी गिळण्याइतकीही उसंत देऊ नयेस? देवाचे लक्ष असणे हीच येथे यातना झाली आहे.

या ठिकाणी व्याकरणाकडे लक्ष द्यावयास हवे. मित्रांशी बोलता बोलता ईयोब देवाला 'तू' म्हणू लागतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर देवाविषयी पुष्कळ बोलतात, सुंदरही बोलतात. परंतु साऱ्या संवादात देवाला उद्देशून एकही वाक्य त्यांच्या तोंडी नाही. ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, हेच त्यांच्या मैत्रीचे उत्तम दिवस. पुढे त्यांच्याजवळ उपपत्ती आहे आणि ईयोबाजवळ संबोधन आहे.

दुःख माणसाला शिकवते, असे नंतर आलेला अलीहू सांगतो. दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गमावलेले, दिवाळे निघालेले तुकोबाही देवाला जवळपास तेच सांगतात: झाले ते बरेच झाले. आशय एक असूनही एकाच्या तोंडी तो भक्तीचा उद्गार ठरतो आणि दुसऱ्याच्या तोंडी निर्दयपणाचा. ज्याचे गेले त्यानेच, आणि तेही 'देवा' म्हणून बोलायचे हे वाक्य आहे. तिऱ्हाइताने उचलले की ते बिघडते. संहितेच्या अर्थात बोलणाऱ्याचे स्थान गौण मानणाऱ्या समीक्षेने या दोन संहिता शेजारी ठेवून पाहाव्यात.

मे १९७० आणि मे १९८४ मधील दंगलींनंतर भिवंडीच्या वाट्याला असे तिऱ्हाईत भरपूर आले. शहराच्या दुःखाची कारणे सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. १९७० नंतर न्यायमूर्ती मादन आयोगासमोर साक्षी झाल्या, त्या नोंदल्या गेल्या, हे कमी महत्त्वाचे नाही. ईयोबालाही मध्यस्थ हवा आहे, सुनावणी हवी आहे; आपले शब्द लोखंडी लेखणीने खडकात कोरले जावेत, अशी त्याची इच्छा आहे. त्याची मागणी सांत्वनाच्या आधी नोंदीची आहे.

पंडिता रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणले. वडील, आई आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेली होती. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. त्यांच्या अनुवादाची चर्चा बहुधा शब्दांच्या साधेपणापाशी थांबते. ईयोबाचा 'तू' मराठीत उतरवणारी ही बाई कोठे उभी होती, हेही त्या चर्चेत यावयास हवे.

शेवटच्या अध्यायात ईयोब धूळ आणि राख यांच्या संदर्भात जे क्रियापद वापरतो, त्याचा मराठी वाचकाला परिचित अर्थ पश्चात्तापाचा आहे. पण त्याच धातूचा दुसरा अर्थ सांत्वन पावणे असा आहे, आणि मित्र सुरुवातीला आले तेव्हा त्यांच्या हेतूसाठी तोच धातू योजला होता. लगेच पुढच्या वचनात देव अलीफजाला बजावतो की, माझ्या सेवकाप्रमाणे तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. 'माझ्याविषयी', असे अनुवादक तेथे सहसा लिहितात. मूळातील 'एलाय'चा सरळ अर्थ 'माझ्याशी' असा होतो.