संगणकाची रोजकीर्द

आमचे घर परदेशीपुऱ्यात आहे. जवळच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये संगणकाची मोठमोठी कामे चालतात. परंतु संगणकालाही विसर पडतो, हे आम्हां दोघी बहिणींना घरीच कळले.

आजीच्या ओव्यांच्या नऊ ध्वनिफिती घरात होत्या. आजी आता नाही. फितींतून तिच्या आवाजापेक्षा खरखरच अधिक ऐकू येई. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या संगणकावर उतरवल्या आणि ‘सॉक्स’ नावाच्या आज्ञावलीने खरखर काढावयास बसलो. हे काम काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकून करावे लागते. त्या आज्ञा ऐकणारा कारभारी म्हणजे ‘शेल’. खरखरीचा आकडा जरा अधिक दिला की आजी पत्र्याच्या डब्यातून गात आहे असे वाटे. कमी दिला की खरखर जशीच्या तशी. छोटे तुकडे घेऊन, तीन दिवस खपून, आम्ही प्रत्येक फितीचा आकडा निश्चित केला. कागदावर काहीच टिपले नाही, कारण वरच्या बाणाची कळ दाबताच शेल मागील आज्ञा पुढ्यात आणून ठेवतो. पूर्ण फिती उद्या करू, असे म्हणत होतो, तोच वीज गेली.

वीज आली, बाण दाबला, तीन दिवसांतील एकही ओळ नाही!

आमचा शेल ‘बॅश’ जातीचा. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ साली लोकांपुढे आणला. तो आज्ञा स्मरणात धरतो आणि खिडकी बंद होताना फाइलीत उतरवतो. त्यातही मुळातली मर्यादा ५०० ओळींची. आमची खिडकी तीन दिवस उघडीच होती.

आजोबा पूर्वी गिरणीत हिशेब लिहीत. त्यांनी विचारले, “पोरींनो, हा तुमचा कारकून लिहितो केव्हा?”

“काम आटोपल्यावर.”

“दिवसभराची कीर्द डोक्यात ठेवणारा कारकून आमच्या गिरणीत दुसऱ्या दिवशी टिकला नसता!”

मग आम्ही प्रत्येक आज्ञेनंतर ती लगेच फाइलीत लिहिली जावी, तिच्यापुढे वेळही पडावी, अशी व्यवस्था केली, मर्यादा वाढवली. रोज त्या फाइलीची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याचे काम ‘क्रॉन’ या वेळेच्या पहारेकऱ्याकडे दिले. प्रतीच्या नावात तारीख घातली. नाहीतर मूळ फाइल बिघडल्यास बिघडलेलीच प्रत चांगलीवर बसावयाची. परवलीचा शब्द असलेली ओळ नोंदली जाऊ नये म्हणून तिच्याआधी एक जागा मोकळी सोडावयाची, हीही सोय शेलमध्ये आहे. ती मात्र आधी सुरू करून घ्यावी लागते.

इतके शहाणपण करूनही आठवडाभर एकही प्रत निघाली नाही. वेळ रात्री दोनची दिली होती, आणि त्या वेळी संगणक बंद! साधा क्रॉन चुकलेली वेळ भरून काढीत नाही. आता वेळ रात्री नऊची आहे.

आकडे पुन्हा शोधावे लागले. पहिल्या फितीचा ०.२१ ठरला, आणि जात्याच्या घरघरीमागून आजीचा आवाज स्वच्छ आला. आजोबा ओवी संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग उठले आणि तो आकडा त्यांनी आपल्या वहीतही उतरवून घेतला.