कोट गेला, वेस उरली

तटबंदीची जुनी शहरं पाहायला आपण जैसलमेर गाठतो. पाण्याशेजारी, भिंतीच्या आत गाव वसवण्याची तीच रीत नागपुरातही होती. १७०२च्या सुमारास बख्तबुलंदशहाने नगर वसवलं. चांदसुलतानाने त्याला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. पुढे भोसल्यांनी इथे काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा वाडा उभारला. तो १८६४ साली जळला. नगारखाना तेवढा वाचला. महालात फिरताना कोट दिसत नाही. जुम्मा दरवाजा मात्र उभा आहे, गांधी गेट म्हणून. त्याच्या खालून ऑटो जातात.

मी नोकरीत फायरवॉलचे नियम लिहितो: आत कोण, बाहेर कोण. नियम पुसला की हद्द संपते. माणसांचं तसं नसतं. महालातलं आमचं घर बिल्डरला द्यायचं चाललंय; बदल्यात बेसा रोडला फ्लॅट. आजी म्हणते, "गेटाबाहेर मी नाही जात बाप्पा." कोट तिनेही पाहिलेला नाही.

लिफ्ट, पार्किंग, तिचे गुडघे, सगळे मुद्दे माझ्याकडे तयार आहेत. तरी कागद कपाटातच आहेत. सही तिची लागते, आणि तिला घाई करायची नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय.